औषधाची बाटली आणि एआयचं टूल: सूचना नेमकी कुणासाठी लिहायची?

मागच्या आठवड्यात आपल्याच पॉडकास्टच्या कामांच्या यादीत एक घोळ झाला. आजचा विषय त्या घोळातून निघाला आणि मला थेट आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घेऊन गेला.

आधी घोळ सांगतो. आम्ही तिघं मिळून हे पॉडकास्ट करतो. कुणी रेकॉर्डिंग करायचं, कुणी एडिटिंग, कधीपर्यंत, हे सगळं एका टास्क मॅनेजमेंट ॲपमध्ये टाकतो. अलीकडे त्याला एक एआय एजंट जोडलाय. आपण साध्या मराठीत टाइप करायचं आणि तो यादीत काम टाकतो, तारीख बदलतो, कुणाच्या तरी नावावर लावतो. मी लिहिलं, "परवाचं रेकॉर्डिंग यादीतून काढ." मला म्हणायचं होतं की दोन दिवसांपूर्वीचं रेकॉर्डिंग झालंय, त्यावर 'पूर्ण' अशी खूण कर. त्याने दोन दिवसांनी होणारं रेकॉर्डिंग शोधलं आणि ते कायमचं पुसून टाकलं. पाहुण्यांची वेळ, प्रश्नांची यादी, सगळं गेलं.

आता 'परवा' हा शब्द आपल्या भाषेची गंमत आहे. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा, दोन्हीला एकच शब्द. माणूस समोर असता तर त्याने विचारलं असतं, "कोणता परवा रे?" एजंटने विचारलं नाही. मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग ते टूल उघडून पाहिलं. त्यात वर्णनाची एकच ओळ होती: 'काम काढून टाकतं.' ही ओळ मीच लिहिली होती. दोन महिन्यांपूर्वी, घाईत, चहा पिता पिता.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एआय मॉडेलला हात नसतात. यादीत खरोखर काही बदल करायचा तर त्याला टूल द्यावी लागतात. प्रत्येक टूलला एक नाव, एक वर्णन आणि कोणती माहिती भरायची याचा तक्ता असतो. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेलना अशी सोय दिली, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी नावाची एक सामाईक पद्धत जाहीर केली, आणि मग टूलचा पूर आला. पण मुद्दा असा, की टूलच्या आत काय कोड आहे ते साधारणपणे मॉडेलला दिसत नाही. त्याला दिसतं नाव, वर्णन आणि तो तक्ता. तेवढ्यावर तो ठरवतो की हे वापरायचं की नाही, आणि कसं.

बंद डबा, आत काय ते दिसत नाही, वर एक कागद चिकटवलेला, आणि त्या कागदावर विसंबून कृती करणारा कुणीतरी. हे मी लहानपणापासून पाहत आलोय. आमच्या गोठ्यात एक फळी होती, त्यावर फवारणीच्या बाटल्या असायच्या.

या बाटल्यांवरच्या कागदाला मोठा इतिहास आहे, आणि तो एका जहाजातून सुरू होतो. १९५८ साली केरळमध्ये शंभराहून जास्त माणसं विषबाधेने दगावली. जहाजात खाण्याच्या मालाबरोबर पॅराथिऑन या कीटकनाशकाचे डबे ठेवले होते, ते गळले आणि विष पिठात आणि साखरेत उतरलं. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग बसला. तिथून चालू झालेली हालचाल दहा वर्षांनी कायद्यापर्यंत पोचली: कीटकनाशक कायदा १९६८, आणि त्याचे नियम १९७१ चे.

या नियमांत बाटलीवर काय छापायचं हे अगदी मोजूनमापून सांगितलंय. लेबलवर एक चौकोन हवा, ४५ अंशांत तिरपा उभा केलेला, आणि त्याने लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापायला हवा. चौकोनाचे दोन त्रिकोण. वरच्यात इशाऱ्याचा शब्द, खालच्यात रंग. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. लाल असेल तर कवटी आणि दोन हाडं. बाटलीसोबत एक घडीपत्रिका: कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती प्रमाणात, विषबाधेची लक्षणं काय, प्रथमोपचार काय, उतारा काय. ती हिंदीत, इंग्रजीत, आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत.

कागदावर पाहिलं तर यात काय कमी आहे? मी हे नियम पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते चांगलेच वाटले. आजही वाटतात. टूलची वर्णनं लिहिणाऱ्या कितीतरी लोकांनी एवढाही विचार केलेला नसतो.

पण आता ती बाटली यवतमाळच्या शेतात नेऊ.

पहिली गोष्ट नावाची. आपण याला काय म्हणतो? औषध. "औषध मारायला गेलाय." "औषध आणलं का कृषी केंद्रातून?" कवटी छापलेल्या बाटलीला सगळा मराठी मुलूख औषध म्हणतो. पिकाच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरही आहे, पीक वाचतं. पण नाव हेच पहिलं वर्णन असतं, बाकी सगळं त्याच्या नंतर वाचलं जातं, वाचलं गेलं तर. आणि औषध म्हटलं की थोडं जास्त गेलं तर फार बिघडत नाही, असं मनात आपोआप येतं.

दुसरी गोष्ट रंगाची. नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात हिरवा म्हणजे 'कमी विषारी'. रस्त्यावरचा सिग्नल पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात हिरवा म्हणजे 'जा'. या दोन अर्थांमधलं अंतर तो चौकोन स्वतः कधीच सांगत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागात कोलामी आणि गोंडी बोलणारी माणसं आहेत. पुसद, दिग्रसकडे बंजारा तांडे, घरात गोरमाटी. 'त्या भागातली भाषा' म्हणून छापलेली मराठी यांतल्या कित्येकांची दुसरी भाषा. आणि पत्रिकेवरची मराठी तर माझीही दुसरी भाषा वाटावी अशी.

चौथी गोष्ट मापाची. लेबलवर प्रमाण हेक्टरी असतं. आमच्याकडे शेत एकरात मोजतात आणि औषध पंपात. "एका पंपाला दोन झाकणं." हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, पंप साधारण पंधरा-सोळा लिटरचा, आणि झाकणाचं माप बाटलीगणिक वेगळं. हे गणित भर उन्हात, बांधावर उभं राहून, त्या माणसाने करावं अशी अपेक्षा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. लाल चौकोनासोबत जी सूचना छापायची असते तिचा अर्थ असा: गिळल्यास किंवा विषबाधेची लक्षणं दिसल्यास लगेच डॉक्टरांना बोलवा. गिळल्यास. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाटली तोंडाला लागलेला माणूस होता, कदाचित एखादं मूल. पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या कपाशीत शिरलेला माणूस नव्हता.

तो माणूस २०१७ मध्ये सगळ्या देशाला दिसला.

त्या वर्षी जुलैपासून पुढच्या चार-पाच महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. शेकडो दवाखान्यात भरती झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड त्या काळात टीव्हीवर सारखे दिसायचे. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली होती, रस शोषणाऱ्या किडीही होत्या. पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच आणि दाट वाढली होती, त्यामुळे फवारा वर, चेहऱ्याच्या उंचीवर मारावा लागायचा आणि अंगावर परत यायचा. दमट हवा. काहींकडे जोरात फवारणारे बॅटरी पंप. आणि एका पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधं मिसळलेली, वरून एखादं टॉनिक.

मिसळण्याचं नीट ऐका, कारण टूलच्या गोष्टीत हे परत येणार आहे. प्रत्येक बाटलीचं लेबल प्रामुख्याने त्या एका बाटलीबद्दल बोलतं. तिन्ही लेबलं अगदी बरोबर असली तरी पंपात जे तयार झालंय त्याला लेबलच नाही. दवाखान्यात डॉक्टरला कळायला हवं असतं की अंगात नेमकं काय गेलंय. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर ॲट्रोपिन देतात. काही कीटकनाशकांना ठरावीक उताराच नसतो, दिसेल त्या लक्षणावर उपचार करत राहायचं. "काय फवारलं?" या प्रश्नाला "औषध" हे उत्तर आलं तर पुढे काय करणार?

शासनाने विशेष चौकशी पथक नेमलं. नोव्हेंबरमध्ये विदर्भातल्या यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्री-वापरावर ६० दिवसांची बंदी आली. पण चर्चेत एक वाक्य कायम राहिलं: मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, सूचना पाळल्या नाहीत. फवारणारे बरेच जण मजुरीवर आलेले. बाटली मालकाने आणलेली, घोळ मालकाने किंवा मजुराने बादलीत केलेला, पत्रिका कृषी केंद्राच्या खोक्यातच राहिलेली. ज्याच्या अंगावर ते उडालं त्याच्या हातात तो कागद कधी आलाच नाही, अशीही माणसं त्यात होती. तरी बोट त्याच्याकडे.

मी शिव्या घालत होतो ना एजंटला? मग लक्षात आलं की मीही तेच वाक्य बोलत होतो.

तुलना ताणत नाही. आमच्या यादीतलं एक रेकॉर्डिंग गेलं, तिकडे घरं उद्ध्वस्त झाली, दोन्ही एका पारड्यात घालणं हलकटपणा होईल. पण सूचना लिहिण्याची कला म्हणून पाहिलं तर त्या बाटलीकडून आपल्याला भरपूर शिकता येतं. शिवाय दोघांत एक फरक आहे, तो एजंटच्या विरुद्ध जातो. फवारणाऱ्या माणसाला वास येतो, डोळे चुरचुरतात, शेजारचा ओरडून सांगतो, अनुभवाने तो कागदावरचं कमी-जास्त भरून काढतो. एजंटला यातलं काहीच नाही. त्याच्याकडे आपण दिलेली अक्षरं आहेत, आणि जिथे अक्षरं कमी पडतात तिथे तो आपल्या मनाने अंदाज भरतो. तोही इतक्या आत्मविश्वासाने की आपल्याला वाटावं, याला ठाऊकच होतं.

मग मी आमची टूल एकेक करून उघडली. 'काम काढा' आणि 'काम बंद करा' अशी दोन होती. आम्हा तिघांना फरक माहीत, कारण आम्ही ते बनवताना तिथे होतो. एक कायमचं पुसतं, दुसरं पूर्ण झालेल्या कामांत टाकतं. बाहेरच्याला तो फरक नावावरून कळणं शक्यच नाही. पुसणाऱ्याचं नाव आता 'काम कायमचं पुसा' असं केलंय. औषधाला विष म्हटल्यासारखं वाटलं, पण बरं वाटलं.

तारखेचा रकाना होता, त्यावर फक्त 'तारीख' लिहिलेलं. ०५/०७ म्हणजे आपल्याकडे पाच जुलै, अमेरिकेत सात मे. आता तिथे लिहिलंय: वर्ष-महिना-दिवस, जसं २०२६-०७-०५, आणि 'परवा', 'सणानंतर' असं काही आलं तर अंदाज करू नका, विचारा. हेक्टर आणि पंपाचा हा मामला आहे. ज्या मापात वापरणारा विचार करतो आणि ज्या मापात टूल मागतं, त्यातलं गणित कुणी करायचं हे लिहिणाऱ्यानेच सांगून ठेवायला हवं.

'तारीख बदला' हे टूल तर साळसूद दिसायचं. पण तारीख बदलली की ते काम ज्याच्या नावावर आहे त्याला आपोआप मेसेज जातो. हे वर्णनात नव्हतं. एजंटने एकदा आमची अख्खी यादी आठवडाभर पुढे सरकवली आणि माझ्या मित्राच्या फोनवर रात्री अकरा वाजता मेसेजांची माळ लागली. प्रत्येक टूल सुटं सुटं पाहिलं तर बरोबर वागत होतं. मिश्रणाला लेबल नव्हतं, दुसरं काही नाही.

मग मी उलट टोकाला गेलो. प्रत्येक टूलला पानभर वर्णन लिहिलं. सगळे अपवाद, सगळ्या शक्यता. परिणाम? एजंट आणखी गोंधळला. त्याला प्रत्येक वेळी सगळ्या टूलची वर्णनं सोबत वागवावी लागतात, आणि त्या गर्दीत महत्त्वाचं वाक्य बुडतं. घडीपत्रिकेचं हेच तर झालं होतं. तिच्यात सगळं होतं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, आठ घड्यांत, सगळं. लिहिणाऱ्याची जबाबदारी संपली याचा पुरावा म्हणून ती उत्तम होती, वाचण्यासाठी नव्हती.

इथे जगातल्या एका दस्तऐवजाचा उल्लेख करायलाच हवा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ साली कीटकनाशकांबाबत एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता काढली. तिच्यात एक भूमिका आहे, जी मला फार आवडते. ज्या कीटकनाशकाला अंगाला न सोसणारी, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ते गरम हवामानातल्या लहान शेतकऱ्यांच्या हाती देणंच टाळावं. म्हणजे "मास्क आणि जाड कोट घाला" एवढं छापून सुटका नाही. विदर्भातल्या सप्टेंबरच्या उकाड्यात जो कोट घालून दोन तास काम करता येत नाही, तो घालायला सांगणारी सूचना वाचणाऱ्यासाठी नसतेच.

आमच्या एका टूलमध्ये अगदी असाच रकाना निघाला: 'प्रोजेक्ट आयडी, आवश्यक'. आणि तो आयडी शोधून देणारं टूल आम्ही एजंटला दिलंच नव्हतं. तो बिचारा दर वेळी एक आकडा मनाने ठोकून द्यायचा. कधी कधी तो आकडा दुसऱ्याच प्रोजेक्टचा असायचा.

त्या ६० दिवसांच्या बंदीतही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. सहा महिन्यांच्या हंगामात बंदी यायला किती उशीर झाला, यावर वाद घालता येईल, मी घालतोही. पण काही गोष्टी लेबलवर सोडून चालत नाही, त्या फळीवरून खाली उतरवाव्या लागतात, हे त्यात मान्य झालं होतं. 'कायमचं पुसा' या टूलचं वर्णन कितीही चांगलं लिहिलं तरी आम्ही आता त्याला कुलूप लावलंय. माणसाने 'हो' म्हटल्याशिवाय ते चालतच नाही. हे वर्णनातलं वाक्य नाही, कोडमधली अट आहे.

हे सगळं फक्त आमच्या पॉडकास्टपुरतं असतं तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने शेतीतल्या एआयसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं. शेतकऱ्याशी मराठीत बोलणारे बॉट येतायत, आलेत. सल्ला देण्यापासून प्रत्यक्ष काम लावण्यापर्यंतचं अंतर फार नाही. उद्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ॲपमध्ये एजंट असेल आणि तो मजुरांच्या यादीत फवारणीचं काम टाकेल. तेव्हा कुठेतरी एक मुलगा किंवा मुलगी, बहुधा पुण्यात, चहा पिता पिता त्या टूलचं वर्णन लिहीत असेल. 'फवारणीचं काम तयार करतं.'

म्हणून मी सरावासाठी ते वर्णन स्वतः लिहून पाहिलं. ते असं:

"एका शेतासाठी फवारणीचं काम मजुराच्या यादीत टाकतं. कोणतं औषध मारावं हे ठरवण्यासाठी वापरू नका. माणसाने औषध आधी ठरवलेलं असेल तरच वापरा. औषधाचं नाव बाटलीवर आहे तसंच पूर्ण लिहा, फक्त 'औषध' असं चालणार नाही. प्रमाण मिलीलिटरमध्ये, १५ लिटर पाण्यासाठी. हेक्टरी आकडा मिळाला तर स्वतः हिशोब करू नका, विचारा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी. काम तयार होताच मजुराला त्याच्या भाषेत आवाजी संदेश जातो आणि तो मागे घेता येत नाही. एका कामात एकच औषध. दुसरं औषध सांगितलं गेलं तर थांबा आणि माणसाला कळवा."

लिहून झालं आणि मी गावाकडे काकांना फोन लावला. काकांनी चाळीस वर्षं कपाशी केली, २०१७ च्या त्या हंगामातही केली. त्यांना एआय वगैरे काही सांगितलं नाही. म्हटलं, एक सूचना वाचतो, नवीन गडी कामावर आला आणि त्याला एवढंच सांगितलं तर चालेल का, बघा. वाचून दाखवलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मिसयवाचं अखरीले काऊन लिहिलं बाप्पा? तोवर तर तो पंप भरून मोकया होते. ते पहिले सांग न."

ते वाक्य आता सगळ्यात वर आहे.